रस्त्याकडे तोंड करून

अमरावतीहून नागपूरकडे निघालेला रस्ता कागदोपत्री फार मोठा माणूस आहे. आधी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता आणि गुजरातेतल्या हजिऱ्याहून निघून थेट कोलकात्याला पोचायचा. मग सरकारने देशभरच्या महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले. हा ५३ झाला, आणि त्याचा शेवट उचलून ओडिशातल्या पारादीप बंदरावर नेऊन ठेवला गेला. आशियाई महामार्गांच्या यादीत त्याला आणखी एक क्रमांक आहे, ४६. एका रस्त्याचं अख्खं गंतव्य बदललं, तरी नांदगाव पेठच्या, मोझरीच्या किंवा तिवशाच्या माणसाला त्याची गंधवार्ता नाही. तो आधीही नागपूर रोड म्हणायचा आणि आजही नागपूर रोडच म्हणतो. ज्याला तिवशाच्या तहसिलीत सातबाऱ्याच्या कामाला जायचं आहे, त्याला हा रस्ता पुढे बंगालच्या उपसागराला भेटतो की नाही याच्याशी काय कर्तव्य? रस्त्याचं मोठेपण रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी असतं. काठावर राहणाऱ्याला तो फक्त ओलांडायचा असतो.

चौपदरी झाल्यापासून या रस्त्याच्या काठाला सतत काहीतरी उगवत असतं. पऱ्हाटी उगवायला पाऊस लागतो, तूर हाती यायला धीर लागतो. ढाबा उगवायला दोन ट्रक थांबले तरी पुरतात. पहिला ट्रक थांबतो, कारण ड्रायव्हरला कडुनिंबाखाली पाय मोकळे करायचे असतात. त्याला पाहून दुसरा थांबतो. दोघांना पाहून चहाची टपरी येते, टपरीला पाहून पानठेला, पानठेल्याला पाहून पंक्चरवाला, आणि मग एके दिवशी तीन बाजूंनी टिनाचे पत्रे व चौथ्या बाजूने रोषणाई असलेलं ‘फॅमिली गार्डन’. शेवटी ज्या कडुनिंबाखाली पहिला ट्रक थांबला होता तो पार्किंगच्या आड येतो म्हणून तोडला जातो. त्याच्या बुंध्याच्या जागी एक पाटी लागते, तिच्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असतं: निसर्गरम्य वातावरण. रात्री या सगळ्यांवर लाल-निळ्या दिव्यांच्या माळा पेटतात, आणि लांबून वाटतं की रस्त्याकाठच्या प्रत्येक वावरात लग्न आहे, फक्त वरात कुठेतरी अडकली आहे.

या साऱ्या उगवणीत कवितेच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे लेआउट. कापसाच्या वावरात एक कमान उभी असते. कमानीवर एखाद्या देवाचं नाव आणि त्याच्यापुढे ‘सिटी’. कमानीतून आत सिमेंटचा एक रस्ता जातो आणि थोड्याच वेळात विचार बदलून थांबतो. दोन्ही बाजूंना रंगवलेले दगड, तारा नसलेले विजेचे खांब, आणि ‘बालोद्यान’ अशी पाटी असलेला गाजरगवताचा चौकोन. लेखकाने ऐटीत वाक्य सुरू करावं आणि कर्ता लिहून झाल्यावर क्रियापद आणायला म्हणून जे उठावं ते परत येऊच नये, तशी ती कमान वर्षानुवर्षं उभी असते. पण तिला हसता हसता मी जरा थबकतो, कारण त्या चार दगडांच्या आत कुणाच्या तरी भविष्यनिर्वाह निधीचे पैसे पुरलेले असतात. एखादे निवृत्त गुरुजी रविवारी दुचाकीवर बायकोला घेऊन येतात, दगडांच्या मधोमध उभे राहतात आणि खिडकी कुठे काढायची ते ठरवतात. खिडकीतून काय दिसेल? शेजारचा प्लॉट, आणि त्याच्या दगडांत उभे राहून आपली खिडकी ठरवणारे दुसरे निवृत्त गुरुजी.

माझ्या लहानपणी हा रस्ता दुपदरी होता आणि त्यावरून लाल एस.टी. आपल्या मर्जीने चालायची. दोन्ही बाजूंना चिंचा, बाभळी, कडुनिंब. खोडांना चुन्याचे आणि गेरूचे पट्टे. गाव आलं हे पाटीवरून कळत नसे. झाडं जराशी विरळ होत, एखादी विहीर दिसे, मग शाळेची भिंत, मग बसकडे धावत येणारा एक माणूस, आणि त्याच्यामागून त्याची पिशवी घेऊन धावणारी त्याची बाई. गाव असं हप्त्याहप्त्याने यायचं. उन्हाळ्यात एखादी रसवंती असायची, चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज रस्ताभर यायचा, आणि कंडक्टर ‘पाच मिनिटं’ म्हणून उतरला की ती पाच मिनिटं त्याच्या ग्लासात किती बर्फ आहे त्यावर ठरत. मोझरी जवळ आली की आजी पदर सारखा करायची. गुरुकुंज आश्रम रस्त्याला लागूनच. बस थांबो न थांबो, आजीचे हात जोडलेले असत, आणि आश्रम मागे पडल्यावरही तिचं तोंड थोडा वेळ खिडकीतच असे. आज तिला त्या खिडकीत बसवलं तर हात नेमके कधी जोडायचे याचा तिला पेच पडेल; दोन फलकांच्या आणि एका उसाच्या ट्रॉलीच्या मधून आश्रम निसटून जायचा.

आता गंमत अशी की खुद्द गुरुकुंज ही रस्त्याकाठचीच वस्ती आहे. यावलीत जन्मलेला आणि वरखेडच्या आडकोजी महाराजांनी तुकड्या म्हटलेला एक खंजिरीवाला तरुण रानावनात हिंडून आला, गावोगाव भजनं गात सुटला, आणि १९३५ साली मोझरीजवळ त्याने आपला आश्रम मांडला. एखाद्या डोंगराच्या पोटात, नदीच्या उगमापाशी, माणसांपासून लांब असा आश्रम काढणं ही आपल्याकडची जुनी रीत. तुकडोजी महाराजांनी बैठक घातली ती जाण्यायेण्याच्या वाटेला. येणाऱ्याला आडवाट तुडवायला लावायची नाही, हा विचार मला फार लोभस वाटतो. ज्या जिल्ह्यात गाडगेबाबांनी रस्ते झाडत आयुष्य काढलं, त्या जिल्ह्याला ते साजेसंही होतं. बाबांनी शेवटचा श्वासही वाटेवरच घेतला: २० डिसेंबर १९५६, अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी. एक संत रस्ता झाडणारा, दुसरा रस्त्याकाठी बसून हाक मारणारा. आमच्याकडे अध्यात्माला धूळ वर्ज्य नाही.

आणि बरोबर त्याच वर्षी, १९३५ साली, सातासमुद्रापार इंग्लंडच्या पार्लमेंटने रस्त्याकाठी विचारल्याशिवाय काही बांधायचं नाही असा कायदा केला. पहिल्या महायुद्धानंतर तिथे मोटारी वाढल्या, नवे रस्ते झाले, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांनी बंगले, दुकानं, चहाघरं अशी एका ओळीत पसरत सुटली. मागे शेत, पुढे डांबर आणि मध्ये घरांची एक बारीक फीत. ग्रामीण इंग्लंड वाचवण्यासाठी १९२६ साली नागरिकांची एक परिषद उभी राहिली. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदाने १९२८ साली पुस्तक लिहून या पसाऱ्याला ऑक्टोपस ठरवलं. सभ्य गृहस्थांनी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, आणि सात वर्षांनी कायदा आला: मुख्य रस्त्याच्या मध्यापासून २२० फुटांच्या आत परवानगीशिवाय बांधकाम नको. योगायोगांना मी फार किंमत देत नाही, पण त्यांची सोबत मला आवडते. महाराज मोझरीऐवजी केंटमध्ये असते तर खंजिरी खाली ठेवून आधी त्यांना परवानगीचा अर्ज भरावा लागला असता, आणि ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहावं यावर कार्यालयाचे दोन महिने गेले असते.

आपल्याकडेही कायदा आला, पण त्याने वऱ्हाडाला जरा हुलकावणी दिली. मुंबई महामार्ग अधिनियम १९५५ चा. त्यात इमारत रेषा आली, नियंत्रण रेषा आली; या रेषेच्या आत बांधू नका, त्या रेषेच्या आत विचारल्याशिवाय बांधू नका. मात्र १९५५ मध्ये आम्ही होतो मध्य प्रदेशात. वऱ्हाड मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. त्याच १९५५ सालाच्या नावावर आमच्याकडे एक वेगळी जमा आहे: ‘ग्रामगीता’. एकेचाळीस अध्यायांत महाराजांनी गावाची सफाई, शिक्षण, श्रम, स्त्रिया, सण-उत्सव, एकोपा सगळं घेतलं. म्हणजे एकाच वर्षी मुंबईत रस्त्याने कसं वागावं ते लिहिलं गेलं आणि मोझरीत गावाने कसं वागावं ते. दोन्ही ग्रंथ एकमेकांना न भेटताच छापले गेले, आणि त्यांच्या मधल्या जागेत आज ढाबे उभे आहेत. इमारत रेषेचं म्हणाल तर ती नकाशावर ठळक आहे. जमिनीवर ती कुणी पाहिली नाही, कारण तिच्यावर कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे.

या रेषांचा सगळ्यांत मोठा तमाशा देशाने पाहिला तो दारूच्या दुकानांच्या निमित्ताने. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही. १ एप्रिल २०१७ पासून दुकानं बंद. आदल्या दिवशी, ३१ मार्चला, थोडी ढील मिळाली: वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर. इंग्लंडचे २२० फूट ब्याऐंशी वर्षांनी आपल्याकडे मीटर होऊन आले, असं उगाच मनात येऊन गेलं. मग देशभर लोकांनी रस्त्याकडे आणि रस्त्याने लोकांकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर एखाद्या मोठ्या विनोदी लेखकाला सुचायला हवी होती. केरळातल्या एका बारने दुकान न हलवता दारापुढे भिंतींचा नागमोडी चक्रव्यूह बांधला, म्हणजे पायी चालायचं अंतर कायद्यात बसेल. आत जाणारा सरळ जात होता की वळणं घेत, हा प्रश्न इतिहासात पहिल्यांदाच बाहेर येताना नाही तर आत जाताना पडला. कितीएक राज्यांना एकाएकी साक्षात्कार झाला की आपले काही महामार्ग मुळात महामार्ग नव्हतेच, ते साधे गावातले रस्ते होते. दुकान हलत नाही म्हणून रस्त्यालाच हलवायचं, ही युक्ती मला तत्त्वज्ञानाच्या फार जवळची वाटते. पुढे जुलैमध्ये शहरांच्या हद्दींना न्यायालयाने मोकळीक दिली आणि बरेच रस्ते व बऱ्याच बाटल्या आपापल्या जागी परतल्या.

पण मधल्या त्या दिवसांत एक गोष्ट झाली जी हसण्यावारी नेता येत नाही. रस्त्यावरून उठलेली दुकानं हवेत विरली नाहीत. ती जागा शोधत आत आली, वस्त्यांत, शाळेच्या वाटेवर, भाजीबाजाराच्या मागे. महाराष्ट्रात ठिकठिकाणी बाया घराबाहेर पडल्या आणि नव्या शटरसमोर जाऊन बसल्या. रस्त्याला नको असलेली वस्तू गावाने का घ्यावी, हा त्यांचा प्रश्न सरळ होता. त्याला कुठल्याही चक्रव्यूहाची गरज नव्हती. आमच्या भागात या प्रश्नाला भूगोलही आहे. तिवशाच्या पुढे याच महामार्गावर वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो, आणि तिथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. म्हणजे नदीच्या अलीकडच्या काठावर माणसाला जी तहान लागते ती पुलावर संपते, असं कायदा मानतो. पूल काही बोलत नाही. त्याने बरेच तहानलेले दोन्ही दिशांनी जाताना पाहिले आहेत.

बाजाराला विरोध करणाऱ्या माणसाची एक अडचण असते, ती मी वरचेवर पाहतो. सकाळी तो गावकरी असतो आणि दुपारी प्रवासी. गावकरी म्हणून त्याला रस्त्याकाठचा तो गजबजाट नकोसा होतो, धूर, हॉर्न, डिव्हायडरमधला कट गाठायला उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या. प्रवासी म्हणून त्याला दर दहा किलोमीटरवर चहा हवा, स्वच्छ मोरी हवी, आणि संत्र्याच्या हंगामात गाडीतून न उतरता संत्री हवीत. या भागातल्या एका वयस्क शेतकऱ्याने रस्त्याकाठच्या एका नव्या हॉटेलाविरुद्ध अर्ज दिला होता. ग्रामपंचायत, तहसील, बांधकाम खातं, सगळीकडे प्रती. पुढे मला ते त्याच हॉटेलच्या बाकड्यावर बशीत चहा ओतताना भेटले, अर्जाची पोचपावती सदऱ्याच्या खिशात.

“काकाजी, ज्याच्यावर अर्ज, त्याचाच चहा?” मी विचारलं.

त्यांनी आधी बशी संपवली. मग म्हणाले, “अर्ज भिंतीवर हाय बापा, चहावर थोडाच हाय! भिंत माह्या वावराच्या पांदणीत आली. बैलगाडी कुठून नेऊ सांग मले. चहानं माह्यं काय घेतलं?”

आजवर या विषयावर मी जे काही वाचलं, त्यात एवढी नेमकी विभागणी मला कुठे सापडली नाही. विल्यम्स-एलिसला सबंध ऑक्टोपस दिसला होता. काकाजींना त्याचा कुठला पाय आपल्या पांदणीवर पडला आहे तेवढं दिसत होतं, आणि उरलेल्या प्राण्याशी त्यांचं वैर नव्हतं. उलट त्याचा चहा बरा होता.

उलट दिशेचा प्रयोगही आमच्या जिल्ह्याने पाहिला आहे. मोझरीच्या दक्षिणेला, धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. तो आखला तेव्हाच त्याच्या काठी ठिकठिकाणी नवनगरं वसवायची असं ठरलं होतं: गोदामं, प्रक्रिया उद्योग, घरं, दुकानं. इथे बाजार ट्रक थांबण्याची वाट पाहणार नव्हता, तो आधीच नकाशावर येऊन बसला होता. शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र द्याव्यात आणि बदल्यात विकसित प्लॉट घ्यावेत, अशी ती योजना. २०१६-१७ मध्ये गावोगाव विरोध उठला, ग्रामसभांचे ठराव झाले. नाशिककडच्या सिन्नर तालुक्यातल्या शिवड्याचं नाव तेव्हा सतत वर्तमानपत्रांत असे. वावराच्या बदल्यात प्लॉट, म्हणजे पुन्हा तेच चार रंगवलेले दगड, हे शेतकऱ्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. पुढे सरकारने थेट खरेदीचा मार्ग धरला, चांगला दर दिला, आणि विरोध पुष्कळसा ओसरला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा.

आणि मग आपल्याला एक असा रस्ता मिळाला ज्याच्या काठाला काहीच उगवत नाही. दोन्हीकडे कुंपण, चढायला-उतरायला ठरावीक जागा. चिंच नाही, पानठेला नाही, हात दाखवून थांबवणारी म्हातारी नाही. ज्यांनी आयुष्यभर रस्त्याकाठच्या बजबजपुरीला शिव्या दिल्या त्यांनी पहिल्याच महिन्यात तक्रार केली ती ही की साधा चहा मिळत नाही. तक्रार इथवर हसण्याजोगी होती. पण पुढे त्या रस्त्यावर जे अपघात झाले त्यांतले काही फार दारुण होते, आणि तेव्हा जाणत्यांनी इतर कारणांसोबत त्या एकसुरी सरळपणाने येणाऱ्या गुंगीचाही उल्लेख केला. डोळ्यांना अडकायला काही नसलं की डोळे मिटतात. म्हणजे जे गाव आपल्या प्रवासात मध्ये-मध्ये येतं असं आपल्याला वाटत होतं, ते आपल्याला जागं ठेवत होतं. मला तेव्हापासून ‘फॅमिली गार्डन’च्या लाल-निळ्या दिव्यांवरही पूर्वीइतकं चिडता येत नाही.

वऱ्हाडच्या नशिबात रस्त्याची दोन्ही टोकं आहेत, हे तर खरंच. याच महामार्गाचा अमरावती-अकोला तुकडा कित्येक वर्षं असा काही उखडून पडला होता की माणसं त्यावरून जाण्याआधी घरी सांगून निघत. आणि मग २०२२ च्या जूनमध्ये त्याच पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून विश्वविक्रम झाला. वर्षानुवर्षांचा उशीर आणि विक्रमी घाई, दोन्हींसाठी तोच रस्ता. मधला वेग, बैलगाडीचा, सायकलचा, शाळेतून परतणाऱ्या पोरांचा, तो मात्र कुठल्याच निविदेत नसतो.

मला वाटतं, सगळं भांडण शेवटी थांबण्याचं आहे. जाणाऱ्याला कुणी थांबवायचं आणि कशासाठी. ढाबा थांबवतो भुकेसाठी, लेआउट थांबवतो उद्याच्या स्वप्नासाठी, टोलनाका थांबवतो म्हणून थांबवतो. गुरुकुंजात दरवर्षी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला लाखो माणसं येतात आणि सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, ज्या वेळी ११ ऑक्टोबर १९६८ ला त्यांनी देह ठेवला त्या वेळी, असतील तिथे मौन धरून उभी राहतात. टोप्या, ध्वज, पोरंबाळं, जो तो जागच्या जागी. हे थांबणं काहीच विकत नाही. आणि तरी त्या गर्दीतून बाहेर पडणारा माणूस थेट चहाच्या टपरीवर जातो, तिथून रेवड्या-फुटाण्यांच्या दुकानावर, तिथून नातवाला फुगा. आश्रम आणि बाजार यांनी एकमेकांशी भांडण काढलेलं नाही. एकाने माणूस थांबवावा, दुसऱ्याने त्याला पाणी पाजावं, असा त्यांचा जुना करार आहे. करार मोडतो तो दुसरा पक्ष भिंत पुढे सरकवतो तेव्हा. आधी ओटा, मग शेड, मग शेडसमोर फलक, आणि एके दिवशी गाव स्वतःच्याच रस्त्यामागे दडून जातं. प्रवाशाला वाटतं आपण गावातून गेलो. तो फक्त गावाच्या जाहिरातीतून गेलेला असतो.

म्हणून मला राज्याच्या एका नियमाचा फार मोह पडतो. एखाद्या भागातल्या पुरेशा स्त्री मतदारांनी मागणी केली की तिथल्या दारूच्या दुकानावर गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. लोकशाहीने काढलेलं इतकं साधं, इतकं बोलकं चित्र दुसरं नसेल. हीच सोय रस्त्याकाठच्या प्रत्येक वस्तूला लावली तर? महामार्गालगतच्या गावांत वर्षातून एकदा मतदान. उभा ढाबा-आडवा ढाबा, उभा फलक-आडवा फलक, उभी कमान-आडवी कमान. मतमोजणीला अर्थातच वेळ लागेल आणि तोवर चहा समोरच्या ढाब्यावरून येईल, पण ते चालायचंच.

माझी मतपत्रिका मी मनात भरूनही ठेवली आहे. आश्रम झाकणारे सगळे फलक आडवे. लेआउटच्या कमानी आडव्या, मात्र ज्या गुरुजींचे पैसे अडकले आहेत त्यांना आधी परत मिळाल्यावर. रसवंती उभी, घुंगरांसकट. संत्र्यांचे ढीग उभे. कडुनिंब जिथे जिथे उरला असेल तिथे उभा, आणि त्याच्याखाली थांबणारा पहिला ट्रकही. दारूच्या दुकानाबद्दल माझं मत कुणी विचारलेलं नाही. ते बायांचं आहे, त्यांच्यापाशीच असू द्यावं. आणि काकाजींचं ते हॉटेल? तेही उभंच. फक्त त्याची भिंत पांदणीतून मागे घ्यावी. हजिऱ्यापासून पारादीपपर्यंत पसरलेल्या एवढ्या थोर रस्त्याकडे माणसाने मागितलं ते एका बैलगाडीच्या रुंदीएवढं, आणि तेही त्याच्या स्वतःच्या वावराकडे जायला.